नवस फेडलेली गावं

पोर्तुगीज म्हटलं की मराठी माणसाला आधी वसई आठवते, मग गोवा आणि मग पाव. (भूक लागली असेल तर क्रम उलटा.) बटाटा, काजू, अननस, साबण, चावी, बादली, पगार असे कितीतरी शब्द ते आपल्याकडे सोडून गेले आणि आपण ते इतके पचवले की ते परके आहेत हे मुद्दाम सांगावं लागतं. आपला हापूससुद्धा मुळात अफोन्सु! एवढं असूनही हे लोक त्यांच्या स्वतःच्या घरी कसे होते हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. शाळेच्या पुस्तकात पोर्तुगीज थेट जहाजातूनच उतरतात, १४९८ साली, कालिकतच्या किनाऱ्यावर. त्याआधी ते काय करत होते, कोणाला घाबरत होते, कोणापुढे हात जोडत होते, याबद्दल पुस्तक गप्प.

आमच्या घरात या विषयाला आणखी एक पदर आहे. आमचं कुलदैवत मंगेशी. हा देव मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. पोर्तुगीज अंमलात साष्टीतली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा, १५६०च्या सुमारास, भक्तांनी लिंग उचललं आणि नदी ओलांडून त्यांच्या हद्दीबाहेर, अंत्रुज महालात प्रियोळला नेलं. आज आपण मंगेशीला जातो ते तिथे. म्हार्दोळची म्हाळसा अशीच वेर्ण्याहून आलेली. लहानपणी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की पोर्तुगीज म्हणजे आमच्या देवाला घराबाहेर काढणारे लोक, हीच माझी त्यांची पहिली ओळख.

तर अशा पार्श्वभूमीवर गेल्या वर्षी पोर्तुगालला जाणं झालं. आम्ही दोघं आणि दादा-वहिनी. लिस्बनच्या मुक्कामातला एक दिवस उत्तरेकडच्या पाच गावांसाठी राखून ठेवला होता : फातिमा, बतालिया, अल्कोबासा, नाझरे आणि ओबिदुश. सगळी लिस्बनपासून सव्वाशे-एक किलोमीटरच्या आतली. मोठ्या बसच्या सहलीत झेंड्यामागून धावावं लागतं आणि वहिनींचे गुडघे धावण्यातले नाहीत, म्हणून आम्ही चौघांसाठी वेगळी गाडी आणि गाईड घेतली. गाईडबाई इतिहास शिकलेल्या, स्वच्छ इंग्रजी बोलणाऱ्या आणि प्रश्नांना न कंटाळणाऱ्या निघाल्या. दादाचे प्रश्न ज्यांना माहीत आहेत त्यांना ही केवढी मोठी पावती आहे ते कळेल.

गाडी फातिमाला आधी गेली आणि ओबिदुशला शेवटी. लिहिताना मात्र मी तो क्रम मोडून इतिहासाच्या क्रमाने जाणार आहे, कारण त्या दिवशी गाईडबाईंच्या तोंडून एक शब्द वारंवार ऐकू येत होता आणि त्याचा धागा इतिहासाच्या क्रमानेच नीट लागतो. तो शब्द म्हणजे 'प्रोमेसा'. शब्दशः अर्थ वचन. पण देवाला दिलेलं वचन. थोडक्यात, आपला नवस.

*

पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सु एनरिकेश. (हापूसवाला अफोन्सु हा नव्हे. तो आपल्याकडे आलेला अफोन्सु द अल्बुकर्क, चारशे वर्षांनी नंतरचा.) त्या काळी आजच्या पोर्तुगालचा दक्षिणेचा मोठा भाग मुसलमान सत्तांकडे होता. अफोन्सुने ११४७ साली आधी सांतारेंइचा किल्ला घेतला, मग लिस्बन, आणि ११४८ साली ओबिदुश. सांतारेंइवर चालून जाताना त्याने म्हणे नवस बोलला की किल्ला मिळाला तर क्लेअरव्होच्या संत बर्नार्डच्या साधूंना मठासाठी जमीन देईन. किल्ला मिळाला. ११५३ साली जमीन दिली गेली. हाच अल्कोबासाचा मठ. नवसाची गोष्ट दंतकथा असेल, पण मठातल्या राजांच्या दालनात ती निळ्या टाइल्सवर रंगवून ठेवली आहे. दानपत्रापेक्षा लोकांच्या लक्षात ती टाइल राहते.

आधी ओबिदुशबद्दल दोन शब्द. टेकडीवरचं, तटाच्या आत मावलेलं चिमुकलं गाव. पांढऱ्या भिंती आणि त्यांना खालून निळे-पिवळे पट्टे. राजा दिनिशने १२८२च्या सुमारास हे गाव आपल्या राणीला, इझाबेलला दिलं आणि पुढे कित्येक शतकं ते राण्यांचंच राहिलं. आपल्याकडे चोळीबांगडीसाठी गाव लावून देत, तसाच प्रकार. आज गावात पर्यटक आणि चॉकलेटच्या कपातून मिळणारी चेरीची दारू यांचं राज्य आहे. तटावरून चालता येतं, पण आतल्या बाजूला कठडा नाही. दादा वर गेला, आम्ही खालून त्याला नावं ठेवली.

अल्कोबासा मात्र निवांत पाहण्याची जागा. सिस्टर्सियन पंथाचे साधू पांढरी वस्त्रं घालत, फार कमी बोलत आणि शेती करत. त्यांच्या देवळातही हाच स्वभाव उतरला आहे. सुमारे शंभर मीटर लांब, उंचच उंच, आणि जवळजवळ कोरं. चित्रं नाहीत, सोनं नाही, फक्त दगड आणि उजेड. ओल्ड गोव्यातली सोन्याने मढवलेली चर्चं पाहिलेल्या डोळ्यांना हा धक्काच असतो. स्वयंपाकघर मात्र गावजेवणाचं. अख्खा बैल भाजता येईल एवढी चूल, वर टाइल लावलेलं अवाढव्य धुराडं आणि नदीचं पाणी पाट काढून थेट आत आणलेलं. कोकणातल्या कुठल्याही माणसाला तो पाट पाहून घरी आल्यासारखं वाटेल. या साधूंनी आसपासचा मुलूख लागवडीखाली आणला. अल्कोबासाची सफरचंदं आजही पोर्तुगालभर नावाने विकली जातात. नवसातून असंही काही उगवतं.

पण लोक अल्कोबासाला येतात ते पेद्रु आणि इनेससाठी. युवराज पेद्रुचं लग्न झालं कॉन्स्तान्साशी आणि जीव जडला तिच्यासोबत आलेल्या इनेस द काश्त्रुवर. कॉन्स्तान्सा वारल्यावर तो इनेसबरोबर उघड राहू लागला. इनेसच्या भावांचं दरबारातलं वजन वाढेल, या भीतीने पेद्रुच्या बापाने, चौथ्या अफोन्सुने, ७ जानेवारी १३५५ रोजी कोइंब्राला तिला मारवलं. दोन वर्षांनी पेद्रु राजा झाला. तिघा मारेकऱ्यांपैकी दोघे हाती लागले, त्यांची काळजं त्याने जिवंतपणी काढवली असं बखरकार सांगतो. मग आपलं इनेसशी गुप्तपणे लग्न झालं होतं असं जाहीर करून त्याने तिला राणीच्या इतमामाने अल्कोबासाला आणलं. प्रेताला मुकुट घालून दरबाऱ्यांना हाताचं चुंबन घ्यायला लावलं, ही गोष्ट नंतरची रचलेली. खऱ्या आहेत त्या दोन कबरी, दगडात लेससारखं कोरीवकाम केलेल्या. पायाला पाय येतील अशा समोरासमोर ठेवलेल्या, का, तर कयामतीच्या दिवशी उठून बसल्यावर दोघांना पहिल्यांदा एकमेकांचं तोंड दिसावं. हेही एक वचनच की! १८११ साली नेपोलियनच्या सैनिकांनी खजिना शोधायला त्या कबरी फोडल्या. फुटल्याच्या खुणा अजून दिसतात.

नाझरे समुद्रावरचं. तिथली गोष्ट ११८२ सालची. दों फुआश रुपिन्यु नावाचा सरदार दाट धुक्यात हरणामागे घोडा घालतो. हरीण कड्यावरून दिसेनासं होतं, घोड्याचे पुढचे पाय हवेत, खाली शंभर मीटरवर समुद्र. तो मेरीचा धावा करतो, घोडा थांबतो, सरदार त्या जागी छोटं देऊळ बांधतो. ते टीचभर देऊळ कड्याच्या टोकावर आजही आहे. खाली वाळूवर मासे सुकवायच्या जाळ्या आणि सात परकर एकावर एक घालणाऱ्या कोळणींची परंपरा. बोंबलांऐवजी बांगड्यासारखे मासे, एवढाच काय तो फरक. आता जगभरचे लोक इथे येतात ते हिवाळ्यातल्या प्रचंड लाटांसाठी. २०२० साली इथे सव्वीस मीटरच्या लाटेवर स्वार होण्याचा विक्रम झाला. कोळी लोकांना मात्र लाटेचं कौतुक कमी, कड्यावरच्या देवीचा आधार जास्त.

*

आता बतालिया. बतालिया म्हणजे चक्क 'लढाई'. गावाचं नावच ते.

पेद्रुचा नातलग गोतावळा गुंतागुंतीचा होता. त्याच्या मुलाच्या, फर्नांदुच्या पश्चात वारस उरली ती मुलगी, आणि ती कास्तिलच्या राजाला दिलेली. म्हणजे पोर्तुगाल कास्तिलच्या घशात जाणार. तेव्हा लोकांनी उभा केला तो जुआंव, हा पेद्रुचाच, पण अनौरस मुलगा. १४ ऑगस्ट १३८५ रोजी अल्जुबारोताला दोन्ही सैन्यं भिडली. कास्तिलचं सैन्य कित्येक पटींनी मोठं. दुसऱ्या दिवशी मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण होता. जुआंवने नवस बोलला की जय मिळाला तर तुझ्या नावाने असं देऊळ बांधीन की लोक पाहत राहतील. सेनापती नुनु आल्व्हारेश परैराने जागा अशी निवडली की शत्रूला अरुंद वाटेनेच पुढे यावं लागलं, आणि पुढे खंदक नि खड्डे खणून ठेवले. दिवस मावळायच्या आत निकाल लागला. (हा नुनु पुढे सगळं वाटून टाकून लिस्बनच्या मठात साधा साधू झाला. २००९ साली त्याला संतपद मिळालं.)

या लढाईची आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे अल्जुबारोताची पाववाली. ब्रितेश द अल्मेइदा तिचं नाव, हाताला सहा बोटं. लढाईतून पळालेले सात कास्तिली सैनिक तिच्या भट्टीत लपले. तिने पाव काढायच्या लाकडी फावड्याने सातही जण संपवले. इतिहासाला पुरावा नाही, पण पोर्तुगालमधल्या प्रत्येक पोराला ही पाववाली ठाऊक असते. जशी आपल्याला हिरकणी.

जुआंवने नवस फेडायला घेतला आणि बांधकाम सव्वाशेहून अधिक वर्षं चाललं. मठाचं पूर्ण नाव 'विजयाची संत मेरी'. पिवळसर दगडाचा हा डोंगर संध्याकाळच्या उन्हात मधासारखा दिसतो म्हणे. आम्ही दुपारी होतो, तरी शब्द सुचेना. आत जुआंव आणि त्याची इंग्रज राणी फिलिपा एकमेकांचा हात हातात धरून दगडात निजले आहेत. या लग्नामागे १३८६चा इंग्लंडशी झालेला तह होता. त्याच मैत्रीच्या धाग्याने पुढे १६६१ साली कॅथरीन ऑफ ब्रागान्झाच्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली. म्हणजे आपल्या दादरच्या घराच्या सातबाऱ्याचं एक टोक बतालियाच्या या कबरीत आहे, असं दादाने जाहीर केलं. गाईडबाई हसल्या. त्यांना सातबारा समजावून सांगण्यात पुढची दहा मिनिटं गेली.

याच दालनात भिंतीकडेला जुआंवची मुलं आहेत. त्यातला एक एनरिके, ज्याला आपण हेन्री द नॅव्हिगेटर म्हणून ओळखतो. स्वतः फार लांब कधी गेला नाही, पण आफ्रिकेच्या किनाऱ्याने जहाजं पाठवत राहिला. वास्को द गामा कालिकतला पोचला तो त्याच वाटेच्या टोकाला. मी तिथे जरा जास्त वेळ उभा राहिलो. नवस फेडायला बांधलेल्या देवळात तो माणूस निजला होता, ज्याने सुरू केलेल्या वाटेने आमच्या देवावर घर सोडायची वेळ आली.

मग मागच्या बाजूची 'अपुरी देवळं'. अष्टकोनी चौक, भोवती सात देवळ्या, दाराच्या कमानीवर इतकं बारीक काम की दगड आहे हे हात लावल्यावरच पटावं. आणि वर छप्पर नाही. नुसतं आकाश. दुआर्ते राजाने काम सुरू केलं, पुढच्यांनी रेंगाळत चालू ठेवलं, मानुएल राजाने दार पुरं केलं. पण तोवर वास्को परत आला होता. मानुएलचं लक्ष आणि पैसा लिस्बनच्या बेलेंइमधल्या नव्या मठाकडे, जेरोनिमुशकडे वळला. तो मठ उभा राहिला तो मुख्यतः पूर्वेच्या व्यापारावरच्या पाच टक्क्यांच्या करातून. मलबारच्या मिऱ्याने एक देऊळ उभं केलं आणि एकाचं छप्पर अडवलं.

*

इथे वजेश्वरीची आठवण न होणं अशक्य होतं. वसईची मोहीम अडली तेव्हा चिमाजी अप्पाने वज्रेश्वरीला नवस बोलला की किल्ला मिळाला तर तुझं देऊळ बांधीन, अशी परंपरा सांगते. १७३९च्या मे महिन्यात वसई पडली, देऊळ उभं राहिलं. लांबून ते देऊळ कमी आणि किल्ला जास्त दिसतं. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला त्या आपण वाजवून आलो आहोत. आणि अल्कोबासाला राजांच्या दालनात काय आहे? एक भलीमोठी कढई. अल्जुबारोताला कास्तिलच्या सैन्याकडून लुटलेली, असं सांगतात. आम्ही त्यांच्या घंटा आणल्या, त्यांनी शेजाऱ्याची कढई.

हे मी गाईडबाईंना सांगितलं. त्यांना वसई माहीत होती, पण हरलेला एक किल्ला म्हणून. घंटांचं माहीत नव्हतं. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडेही एक बतालिया आहे." मी हो म्हटलं. तेव्हा लक्षात आलं की हे 'हो' म्हणताना मला अभिमान वाटला, आणि तसाच अभिमान त्यांना बतालियाच्या दारात वाटत होता.

राजांचा नवस असाच असतो. तो एकट्याचा नसतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी हरलेलं असतं, आणि त्यानेही बहुधा नवस बोललेला असतो. अल्जुबारोताला कास्तिलचे लोकही मेरीलाच हाका मारत होते. अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेताना ज्या टेकडीवर नवस बोलला असं सांगतात, तिथे ओल्ड गोव्याला 'रोझरी'चं चर्च आहे. त्याच्या दगडातले दोरखंडासारखे पीळ ही मानुएलच्याच काळातली, बतालियाच्या अपुऱ्या देवळांतली शैली. एक नवस समुद्र ओलांडून असा आला आणि त्याच्या मागोमाग पन्नास वर्षांत कुशस्थळीचं देऊळ गेलं. कोणाच्या नवसाला देवी पावली आणि कोणाच्या देवाला नदी ओलांडावी लागली, हे दोन वेगळे इतिहास नाहीत.

राजे यात किती दूर जात त्याचा एक नमुना सांगतो. स्पेनच्या साठ वर्षांच्या अंमलातून १६४० साली पोर्तुगाल सुटला. तेव्हाचा राजा चौथा जुआंव, मुंबई ज्या कॅथरीनबरोबर गेली तिचा बाप. त्याने १६४६ साली आपला मुकुट मेरीच्या मूर्तीला वाहिला आणि तीच आता देशाची राणी असं ठरवलं. त्यानंतर पोर्तुगालच्या एकाही राजाने डोक्यावर मुकुट घातला नाही. आपल्याकडे १७५०मध्ये त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने राज्य पद्मनाभस्वामीला अर्पण केलं, तसंच हे. मुकुट देवाला दिला की राज्यावर कोणी बोट ठेवत नाही, हा हिशेबही त्यात असेल. नसेलही.

पण राजांच्या या नवसांचं पुढे काय झालं? १८३४ साली, यादवीनंतर आलेल्या उदारमतवादी सरकारने देशातले साधूंचे सगळे पंथ बरखास्त केले आणि मालमत्ता सरकारजमा केली. अल्कोबासा रिकामं झालं. बतालिया रिकामं झालं. जिथे साडेचारशे, साडेसहाशे वर्षं प्रार्थना चालली, तिथली दारं एका फर्मानाने बंद झाली. ओबिदुशच्या एका जुन्या चर्चमध्ये तर आता पुस्तकांचं दुकान आहे. वेदीच्या जागेपर्यंत कपाटं. (वहिनी म्हणाल्या, देवाला वाचन आवडत असेल तर काही बिघडलं नाही.) बतालिया वाचलं ते १८४०नंतर राजा फर्नांदुच्या पाठिंब्याने दुरुस्ती सुरू झाली म्हणून. आज तिथे तिकीट काढून आत जातात.

आणि हाच हुकूम १८३५ साली गोव्याला पोचला. ओल्ड गोव्याला संत ऑगस्टीनचा जो एकटा, अर्धा तुटका मनोरा उभा दिसतो ना, तो याच हुकमाचा बळी. साधू गेले, डागडुजी थांबली, १८४२ साली छप्पर कोसळलं, १९३१ साली मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. कित्येक वर्षं मी त्या मनोऱ्याकडे पाहून समजत होतो की कुणीतरी शत्रूने तो पाडला असणार. शत्रू कोणी नव्हता. ज्यांनी बांधला त्यांच्याच राजधानीतून आलेला एक कागद होता. अल्कोबासाला डागडुजी मिळाली, ओल्ड गोव्याला पाऊस मिळाला.

*

राहिलं फातिमा.

नावच पाहा. पैगंबरांच्या मुलीचं नाव, मुसलमानी अंमलापासून गावाला चिकटलेलं. १९१७ सालापर्यंत या गावाचं नाव आसपासच्या चार गावांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हतं. राजसत्ता १९१० साली संपली होती, नवं प्रजासत्ताक चर्चच्या विरोधात होतं, देश पहिल्या महायुद्धात उतरला होता आणि खेड्यापाड्यातली पोरं फ्लँडर्सच्या खंदकांत पाठवली जात होती. अशा वेळी, १३ मे १९१७ रोजी, मेंढरं राखणाऱ्या तीन मुलांनी घरी येऊन सांगितलं की आम्हाला ओकच्या झाडावर एक तेजस्वी बाई दिसली. लुसिया दहा वर्षांची, तिचा आतेभाऊ फ्रान्सिस्कु नववं लागलेला, त्याची बहीण जासिंता सात वर्षांची. ती बाई म्हणे रोज जपमाळ ओढा म्हणजे युद्ध संपेल, आणि दर महिन्याच्या तेरा तारखेला या.

तालुक्याच्या अधिकाऱ्याने ऑगस्टमध्ये मुलांना धरून नेलं, दोन दिवस दरडावलं. मुलं बधली नाहीत. १३ ऑक्टोबरला भर पावसात हजारोंचा समुदाय जमला. सूर्य फिरला, नाचला, खाली आला, असं पुष्कळांनी सांगितलं. काहींना काहीच दिसलं नाही. मी त्यात पडत नाही. पुढे जे झालं ते मात्र निर्विवाद आहे. फ्रान्सिस्कु १९१९ साली आणि जासिंता १९२० साली, दोघंही त्या भयंकर फ्लूच्या साथीतून आलेल्या आजाराने गेली. लुसिया जोगीण झाली आणि २००५ पर्यंत जगली. गावकऱ्यांनी १९१९ साली बांधलेली छोटी देवळी १९२२ साली कोणीतरी सुरुंगाने उडवली, लोकांनी ती पुन्हा बांधली. चर्चने मान्यता दिली १९३० साली. म्हणजे तेरा वर्षं लोक पुढे आणि चर्च मागे. पुढे सालाझारच्या हुकूमशाहीने फातिमाचा पुरेपूर उपयोग करून घेतला हेही खरं. २०१७ साली, शंभर वर्षं झाली तेव्हा, पोप फ्रान्सिस यांनी दोन्ही लहानग्यांना संत म्हणून घोषित केलं.

बतालिया पाहून आलेल्या डोळ्यांना फातिमा सुंदर वाटत नाही. विमानतळाच्या धावपट्टीएवढं मोकळं आवार, एका टोकाला विसाव्या शतकातलं पांढरं चर्च, दुसऱ्या टोकाला २००७ साली उघडलेलं, साडेआठ हजारांवर माणसं बसतील असं गोल सभागृहासारखं नवं. पण मधोमध, त्या ओकच्या जागी, छपराखाली ती छोटी देवळी आहे. तिच्याकडे जाणारी संगमरवरी पट्टी आहे, आणि तिच्यावरून माणसं गुडघ्यांवर चालत येतात. एक तिशीतली बाई येत होती. नवरा बाजूने चालत होता, कडेवर मूल. दर दहा-बारा पावलांवर ती थांबे, तोही थांबे. घाई कोणालाच नव्हती. लोटांगण घालत देवळाला प्रदक्षिणा घालणारी माणसं गोव्यात लहानपणापासून पाहिली आहेत. हे वेगळं काहीच नव्हतं.

बाजूला मेणबत्त्यांची भट्टी. हो, भट्टीच, कारण मेणबत्त्या इतक्या की एकीच्या आचेने दुसरी वितळून वाकते. आणि त्याच ज्वाळांत टाकायला मेणाचे अवयव विकायला : पाय, हात, डोळे, काळीज, तान्हं बाळ. बांद्र्याच्या मोतमावलीच्या पायथ्याशी मिळतात अगदी तसे. मुंबईतली किती हिंदू, पारशी, मुसलमान माणसं सप्टेंबरच्या जत्रेला ते घेऊन डोंगर चढतात! फातिमालाही लिस्बनचे हिंदू येतात. दीवहून मोझांबिकला आणि तिथून पोर्तुगालला गेलेली ही गुजराती कुटुंबं. त्यांच्या लेखी ही एक आई आहे, एवढं पुरतं.

मेरीच्या मूर्तीचा मुकुटही पाहण्यासारखा. दुसऱ्या महायुद्धापासून देश दूर राहिला म्हणून पोर्तुगालच्या बायकांनी १९४२ साली स्वतःचे दागिने देऊन तो घडवला. १३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल यांच्यावर झाडलेली एक गोळी नंतर त्यात बसवली. राजाने वाहिलेला मुकुट एक, आणि बायकांनी अंगावरचं काढून दिलेला हा दुसरा. मला दुसरा जास्त वजनदार वाटला.

आत्याने परत आल्यावर विचारलंच, "नमस्कार केलास का रे तिथे?" तिला थोडक्यात उत्तर दिलं, इथे सविस्तर देतो. बतालियात नाही केला. तिथे मी मान वर करून पाहत राहिलो, कारागिरांना मनातून दाद दिली आणि बाहेर आलो. विजयापुढे हात जोडायची सवय मला नाही. वजेश्वरीत नमस्कार करतो तो देवीला, वसईच्या विजयाला नाही, हे आता मला जरा स्पष्ट कळलं आहे. फातिमाला केला. तिथे मागणाऱ्यांत कोणी कोणाचं राज्य मागत नव्हतं. पोर युद्धावरून परत येऊ दे, डोळा वाचू दे, मूल जगू दे. असा नवस फळला तर दुसऱ्या कोणाच्या देवाला घर सोडावं लागत नाही.

कुशस्थळीहून अंधारात लिंग उचलून नदीपार नेणारे आमचे पूर्वजही याच जातकुळीचे. ना सैन्य, ना राजा. देव वाचू दे एवढंच त्यांनी मागितलं असणार, आणि तो कोणी वाचवायचा हे विचारत बसले नसणार. त्यांची नावं कुठल्या टाइलवर रंगवलेली नाहीत. देव मात्र प्रियोळला साडेचारशे वर्षं सुखरूप आहे आणि तिथे अजून दिवा लागतो.

असो. पोर्तुगालला गेलात तर हा एक दिवस जरूर काढा. फातिमाला सकाळी लवकर पोचा, बतालियाला घाई करू नका, आणि अल्कोबासाच्या स्वयंपाकघरातला पाट पाहायला विसरू नका. वहिनींनी फातिमाला मेणाचा एक गुडघ्यापर्यंतचा पाय विकत घेऊन ज्वाळांत टाकला. गुण आला का, हे त्यांनाच विचारा. जिने मात्र अलीकडे त्या माझ्याआधी चढतात.